एकाच कामाला दोन न्याय

मी पुण्यात अनेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या सगळ्या वर्षांत उमाजी नाईक हा माझ्या लेखी दरोडेखोर होता. पुस्तकात त्याचं नाव होतं, म्हणून मी ते घ्यायचे. १८५७च्या आधीचे उठाव या मुद्द्याखाली भिल्लांचा, कोळ्यांचा, रामोशांचा अशी यादी वाचायची, मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची आणि आपण पुढे जायचं. परीक्षेत त्यावर फार तर एका गुणाचा प्रश्न. वासुदेव बळवंत फडके आले की मात्र मी पुस्तक मिटून बोलायला लागायचे.

फडक्यांवर बोलताना मला तयारी करावी लागत नसे. शिरढोणहून आलेला तरुण, पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यातली नोकरी, आई शेवटच्या घटका मोजत असताना न मिळालेली रजा, १८७६-७७चा दुष्काळ, गंज पेठेतली लहुजी वस्तादांची तालीम. मग १८७९चा फेब्रुवारी आणि शिरूरजवळच्या धामारी गावावरचा पहिला छापा. मग पाठलाग, अटक, पुण्यातला खटला, त्यांच्या बाजूने उभे राहिलेले सार्वजनिक काका, जन्मठेप, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात आलेला मृत्यू. वर्ग गप्प होऊन ऐकत असे. छाप्यांचा भाग आला की मी मुद्दाम थांबून समजावून सांगायचे. सैन्य उभं करायला पैसा लागतो. धनिकांनी तो दिला नाही, म्हणून फडक्यांनी सावकारांच्या आणि सरकारी वसुलीच्या पैशाला हात घातला. मुलांना ते पटायचं, कारण मला ते पटलेलं होतं.

उमाजीवर माझं एकच वाक्य ठरलेलं होतं: पुरंदर भागात लूटमार करून त्याने इंग्रजांना बराच काळ सतावलं, शेवटी तो पकडला गेला आणि फाशी गेला. या वाक्यात खोटं काही नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं माझ्याजवळ टिकून राहिलं.

हे मत आलं कुठून, याचा शोध मी नंतर घेतला आणि तो मला घरापर्यंत घेऊन गेला. माझं लहानपण पेठेतल्या वाड्यात गेलं. उमाजी रामोशी होता, आणि आमच्याकडे हट्टी मुलाला रामोशाची भीती घालत. कुणी दांडगाई केली तर त्याला रामोशीच म्हणत. आमच्या घरातल्या कुणाचं कुणा रामोशाने वाईट केल्याची एकही गोष्ट मी ऐकलेली नाही. उलट गावोगाव राखण करणारे, चोरी झाली तर माग काढून द्यायला बांधील असलेले लोक म्हणजे रामोशी, हे माझ्या आजोबांच्या पिढीला नक्की ठाऊक होतं. तरीही भीती होती आणि त्या भीतीच्या पोटात तुच्छता होती. पुढे मी इतिहासाची पदवी घेतली. कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, कोणाच्या सोयीसाठी लिहिला हे विचारायला शिकले. घरातून आणलेली ही समजूत मात्र तशीच वर्गात घेऊन गेले. तिला एकही प्रश्न विचारला नाही.

माझ्या मनात पुण्याच्या इतिहासाचा एक ठरलेला आराखडा होता. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई. दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहतो आहे, बापू गोखले गणेशखिंडीच्या रोखाने फौज घेऊन निघाले आहेत, आणि संख्येने कितीतरी लहान असलेली कंपनीची पलटण तो हल्ला परतवून लावते. मग येरवड्याची लढाई. १७ नोव्हेंबरला शहर इंग्रजांच्या ताब्यात, शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण. १ जानेवारी १८१८ला कोरेगावची लढाई. २० फेब्रुवारीला अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. जूनमध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेला. इथे माझा एक धडा संपायचा. पुढचा धडा थेट १८७९ला उघडायचा. मधली साठ वर्षं माझ्या हिशेबी पुणे झोपलेलं होतं.

ते झोपलेलं नव्हतं. मी ज्यांना लढणारे लोक मानत होते, ते झोपलेले होते.

हा आराखडा मोडला तो शाळेतल्या एका प्रदर्शनाच्या निमित्ताने. पुणे परिसरातल्या सशस्त्र लढ्यांचा एक मोठा तक्ता करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मीच रकाने आखले: नेता, काळ, कोणाविरुद्ध, साथीदार, निधी कसा उभारला, जाहीरनामा, शेवट. फडक्यांची ओळ सरसर भरली. निधीच्या रकान्यात मी लिहिलं, सावकार आणि सरकारी वसुली यांवर छापे. जाहीरनाम्याच्या रकान्यात मुंबईच्या गव्हर्नरवर त्यांनी उलट लावलेलं इनाम लिहिलं. खालची ओळ उमाजीची होती. कोणाविरुद्ध? कंपनी सरकारविरुद्ध. निधी कसा उभारला? इथे मी टिपणवही उघडली. माझ्या जुन्या टिपणात भांबुर्ड्याचा सरकारी खजिना लुटल्याची नोंद होती, सावकारांकडच्या लुटीची नोंद होती. पण त्या नोंदी मी 'गुन्हे' या मथळ्याखाली केल्या होत्या. तक्त्यात तसा रकाना नव्हता.

क्षणभर मला वाटलं, उमाजीच्या ओळीसाठी एक रकाना वाढवावा. हा विचार मला खरोखर आला, आणि तो आल्याचं आठवलं की आजही माझी मान खाली जाते. कारण तो रकाना वाढवला असता तर फडक्यांच्या ओळीतही तो भरावा लागला असता. फडक्यांवर राजद्रोहाबरोबर दरोड्याचेही आरोप होते. मुलांना हे सांगताना मी नेहमी म्हणायचे, परकं सरकार स्वातंत्र्यवीराला दरोडेखोरच ठरवणार. मग तेच परकं सरकार पन्नास वर्षं आधी उमाजीला दरोडेखोर म्हणालं, तेव्हा मी त्या सरकारवर विश्वास का ठेवला?

या प्रश्नाला मी लगेच शरण गेले नाही. बरेच दिवस मी माझं मत वाचवण्याचा प्रयत्न करत होते. दोघांत फरक आहे आणि तो मला सापडेलच, अशी माझी खात्री होती.

पहिला फरक मला हेतूचा वाटला. फडक्यांसमोर स्वराज्य होतं, उमाजीसमोर पोट. म्हणून मी उमाजीच्या १८३१च्या जाहीरनाम्याचा तपशील नीट वाचला. त्यात राजे, सरदार, जमीनदार, वतनदार आणि रयत अशा सगळ्यांना उद्देशून सांगितलं आहे की परक्यांचं राज्य उलथून टाका, कंपनीच्या फौजेतल्या शिपायांनी हुकूम पाळू नयेत, गावांनी कंपनीला सारा भरू नये, ज्यांची वतनं आणि तनखे बुडाले त्यांना ते परत मिळतील. पोटासाठी लुटणारा माणूस सारा बंद करायला कशाला सांगेल? त्याला लुटीशी काम. सारा कोणाला द्यायचा, हे सांगण्याचा अधिकार आपला आहे असं मानणाराच असा कागद काढतो. राज्य करण्याचा हक्क परक्याला नाही, हे त्यात स्वच्छ आलं होतं. माझा पहिला फरक तिथेच निकालात निघाला.

दुसरा फरक मी मोठ्या आशेने पुढे केला. उमाजीने मध्यंतरी इंग्रजांशी समझोता केला होता. १८२८च्या सुमारास सरकारने त्याला माफी दिली, चाकरीत घेतलं, जमीन दिली आणि त्याच्याच मुलखाचा बंदोबस्त त्याच्याकडे सोपवला. स्वातंत्र्यासाठी लढणारा असं करील का, असं मी स्वतःला विचारलं. मग मला आठवलं की शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण लावण्यात पुढाकार घेणारे बाळाजीपंत नातू पुण्याचेच होते. १८१८नंतर कंपनीशी करार करून जहागिरी राखणाऱ्या किती घराण्यांची नावं मी वर्गात आदराने घेत आले होते. त्यांच्या करारांना मी मुत्सद्देगिरी म्हणत होते. खुद्द फडके सरकारी नोकर होते आणि त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं. समझोता मोडून, मिळालेली जमीन आणि पगार सोडून पुन्हा डोंगरात जाणारा माणूस मात्र मला बेभरवशाचा वाटला होता.

तिसरा फरक मी फडक्यांच्याच लेखनातून काढला होता. त्यांनी आत्मचरित्र आणि रोजनिशी लिहिली होती, आणि खटल्यात तेच कागद त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून आले. आपल्या रामोशी साथीदारांचं लक्ष लुटीतल्या वाट्याकडे आहे, अशी खंत त्यांनी त्यात मांडली आहे. ही खंत वर्गात सांगताना मला एक प्रकारचं समाधान वाटायचं, हे आज कबूल करते. ध्येय एकाचं, हाव इतरांची, अशी सोपी वाटणी त्यातून व्हायची. ज्या दुष्काळाने फडक्यांचं मन पेटलं, त्याच दुष्काळात त्या साथीदारांच्या घरात चूल पेटत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्यातला दौलतराव नाईक १८७९च्या मे महिन्यात कोकणातल्या छाप्यांहून परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढत मारला गेला. ज्याने जीव दिला त्याच्या हेतूवर मी शंका घेत होते, आणि पगारी नोकरीच्या खुर्चीत बसून घेत होते.

फरक संपले. तेव्हा जे उरलं ते मला स्वतःशी उच्चारावं लागलं. फडके माझ्यासारख्या घरातले होते. त्यांचं शिक्षण, त्यांचं बोलणं, आईवरची त्यांची माया, वकिलांनी लढवलेला त्यांचा खटला, हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. म्हणून त्यांनी केलेल्या लुटीमागचं कारण मी शोधलं. उमाजी रामोशी होता, म्हणून त्याच्या लुटीमागे काही कारण असेल हेच मला सुचलं नाही. मी कृत्य तपासत नव्हते, आडनाव तपासत होते.

त्यानंतर मी वाचायला बसले, आणि जे आधी शोधायला हवं होतं ते सगळं सहज हाताशी होतं असं दिसलं.

उमाजी नाईकांचा जन्म ७ सप्टेंबर १७९१चा, पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचा. वडील दादोजी खोमणे. पुरंदर किल्ल्याची राखण हे या लोकांचं पिढीजात काम. त्या कामाच्या हक्कांवरून दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच संघर्ष पेटला होता, म्हणजे अन्यायाची सुरुवात परक्यांनीच केली असंही म्हणता येत नाही. १८१८नंतर मात्र किल्ल्यांचं राजकारणच संपलं. गडावरच्या शिबंदीला, घेऱ्यातल्या राखणदारांना, शेतसनदी शिपायांना नव्या सरकारच्या लेखी काही काम उरलं नाही. काम गेलं, त्याबरोबर जमिनीवरचे आणि गावातल्या वसुलीवरचे हक्क गेले. बापू गोखल्यांच्या मरणाला मी पराभव म्हणत होते. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या हजारो माणसांचा पराभव अष्टीनंतर सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. त्याला लढाईचं नाव नव्हतं, म्हणून तो माझ्या फळ्यावर कधी आला नाही.

त्याच वेळी रयतेवर दुसरं संकट आलं होतं. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी करून नवी साराआकारणी ठरवली. ती इतकी जड होती की शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, पुष्कळ रान पडीक राहिलं. पुढे सरकारला ती पद्धत मोडीत काढावी लागली आणि १८३६च्या सुमारास इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने आकारणी सुरू केली. प्रिंगलची आकारणी मी महाविद्यालयात शिकले होते. उमाजी नाईकांचा उठाव मला वेगळ्या पुस्तकात भेटला होता. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच काळात घडत होतं, हे मी कधी जोडून पाहिलं नाही. जोडून पाहिलं आणि कळलं की गावं उमाजी नाईकांना का लपवत होती, सारा न भरण्याचं आवाहन लोकांना इतकं जवळचं का वाटलं असेल.

सर्वांत जास्त हलवलं ते शत्रूने. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा उमाजी नाईकांच्या मोहिमेवर नेमलेला अधिकारी. सरकारने १० हजार रुपयांचं इनाम लावलं, शेवटी माणसं फुटली आणि डिसेंबर १८३१मध्ये भोर भागात उत्रोळीला नाईक पकडले गेले. नाईक पुण्यात कैदेत असताना मॅकिंटॉशने त्यांच्याशी बोलून त्यांचा वृत्तान्त टिपला. रामोशी समाज आणि उमाजी नाईकांचं चरित्र यांवरचं त्याचं पुस्तक १८३३ला मुंबईत छापलं गेलं. ते सरकारच्या बाजूचं पुस्तक आहे, रामोशांविषयीचे पूर्वग्रह त्यात भरपूर आहेत. पण ज्याला मी एक वाक्य दिलं, त्याला फासावर चढवणाऱ्या बाजूच्या माणसाने अख्खं पुस्तक दिलं. त्याला कळलं होतं की आपल्यासमोर साधा लुटारू नाही. मला माझ्याच गावात, माझ्याच भाषेत, दीडशेहून जास्त वर्षांनी ते कळत नव्हतं.

३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजी नाईकांना पुण्यात फाशी दिली. खडकमाळ आळीतली मामलेदार कचेरी हीच ती जागा. तिथे आता त्यांचं स्मारक आहे. दाखल्यांसाठी, उताऱ्यांसाठी मी त्या कचेरीत कितीतरी वेळा गेले होते. संगम पुलाजवळचं फडक्यांचं स्मारक दाखवायला मुलांची सहल नेत होते, १८९७च्या २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती गणेशखिंडीची वाट दाखवत होते. खडकमाळ आळीला एकही सहल नेली नाही.

मग साठ वर्षांची पोकळीही भरत गेली. उमाजी नाईकांनंतर नगर आणि ठाण्याच्या डोंगरांत राघोजी भांगरे उभे राहिले, २ मे १८४८ला ठाण्यात फासावर गेले. त्या उठावांच्या काळात उमाजी नाईकांच्या मुलांचीही नावं पुन्हा पुरंदरात ऐकू येतात. म्हणजे १८७९मध्ये फडके रामोशांकडे गेले ते काही अडाणी माणसांना देशभक्ती शिकवायला गेले नव्हते. सह्याद्रीच्या वाटा, रात्रीची चाल, गावातला आसरा, खबर पोचवण्याची रीत, हे सगळं ज्यांच्याकडे पिढ्यांचं होतं, त्यांच्याकडे ते गेले. मी वर्गात म्हणायचे, फडक्यांनी रामोशांना लढ्यात आणलं. घडलं ते उलट्या बाजूनेही सांगता येतं: जो लढा रामोशी आधीपासून लढत होते, त्यात फडके आले. यात फडक्यांचं मोठेपण तसूभर कमी होत नाही. आपल्या जातीची भिंत ओलांडून ते त्या माणसांबरोबर जेवले, राहिले, लढले. मला ते नुसतं सांगतानाही जमलं नव्हतं.

आता मला उमाजी नाईकांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही. त्यांच्या जाहीरनाम्यात कंपनीला सारा भरणाऱ्या गावांना धमकीही आहे. त्यांच्या माणसांनी घातलेल्या छाप्यांत ज्यांची घरं लुटली गेली, ती सगळी इंग्रजांची नव्हती. धामारीत ज्यांच्या घरी छापा पडला तेही इंग्रज नव्हते. या दोन्ही गोष्टी मुलांसमोर एका श्वासात सांगायला हव्यात. सशस्त्र लढ्यात साधी माणसं भरडली जातात, हे मला आजही अस्वस्थ करतं, आणि ती अस्वस्थता मी आता दोघांच्याही बाबतीत बाळगते.

उमाजी नाईकांवरच्या माझ्या त्या एका वाक्याने झालेलं नुकसान पुस्तकात संपत नाही. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवणारा हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. रामोशी समाज आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. कायदा गेला, तरी तो ज्या समजुतीवर उभा होता ती माझ्यासारख्या शिक्षिकेच्या तोंडून वर्गात चालूच राहिली. माझ्या वर्गात त्या समाजाची मुलंही बसलेली असणार. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं असेल आणि घरी जाऊन ती वही कुणाला दाखवली नसेल. मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ती समोर नाहीत.

म्हणून हे लिहिते आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी काही जण आता स्वतः शिक्षक आहेत, काहींची मुलं शाळेत जातात. त्यांच्या डोक्यात उमाजी नाईकांविषयी मी ठेवलेलं ते वाक्य अजून असणार. त्यांनी माझं आजचं मत घ्यावं असा आग्रह नाही. पण धामारीच्या छाप्याला जे निकष लावायला मी शिकवलं, तेच भांबुर्ड्याच्या खजिन्याला लावून पाहावेत. निष्कर्ष काहीही निघो. निकष बदलू नयेत.